हत्ती तिसऱ्या पानावर

आलेपाकाचा पहिला घाणा घरातल्या प्रत्येकाच्या हाताखालून गेल्याशिवाय कढई उतरवायची नाही, हा दंडक अनंतरावांनी घातला तेव्हा घरात सतरा माणसं होती. सतरा जणांनी एकेक वेढा उलथणं फिरवेपर्यंत वड्यांचा दगड व्हायचा. त्यातली एक वडी चावताना म्हणे मेलगाडीच्या गार्डाचे दोन दात पडले. त्यानं दात खिशात टाकले, गाडी अकरा मिनिटं थांबवून ठेवली आणि दुसरी वडी मागितली. अनंतरावांचे चिरंजीव श्रीकृष्णराव ही गोष्ट सांगत तेव्हा दात दोन असत, पाहुणा नवा असला तर चार.

आता घरात पाचच माणसं उरली होती, पण दंडक तसाच होता. कुणी बाहेरगावी असेल तर त्याच्या वाटणीचा वेढा दुसऱ्यानं फिरवायचा आणि फिरवताना त्याचं नाव घ्यायचं. गेली तीन वर्षं एकाच माणसाच्या वाटणीचा वेढा उरत होता, आणि तो सुहासआत्या फिरवत होती. "कौशिकचा," असं ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, म्हणजे समोर बसलेल्या भावाला, श्रीकृष्णरावांना, नीट ऐकू जावं.

श्रीकृष्णराव तेव्हा खोकायचे. मग कढई उतरवताना हटकून स्वतःचा वेढा दुसऱ्यांदा फिरवायचे.

"अण्णा, तुमचा झाला मघाशीच," ती सांगायची.

"विसरलो," ते म्हणायचे. पंचाहत्तरीला आलेला माणूस विसरणारच. आत्याही ते सोडून द्यायची.

आज सकाळी बरुआसागरचं आलं धुऊन, सोलून, दुधात वाटून तयार होतं. साखर मोजून ठेवली होती. झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या त्या घराच्या मागच्या अंगणात शेगडीवर कढई चढली होती, फक्त आच लावायची बाकी होती. तेवढ्यात आभा मोबाइल हातात धरून आली. बावीस वर्षांची पोर, पण चेहरा असा की जणू लक्ष्मी ताल या गावच्या तळ्याचं पाणी एका घोटात कुणी पिऊन गेलंय.

"पप्पा, आपली साइट खुलत नाही आहे."

श्रीकृष्णरावांचा थोरला मुलगा सलील आल्याचं पातेलं झाकत होता. दिवसा कचेरीत कारकुनी आणि उरलेल्या वेळात आलेपाकाचं सगळं तोच बघायचा. "नेट गेलं असेल."

"नेट ठीक आहे. डोमेनच संपलं. महिन्याभरापूर्वी. वरून जे तीस दिवस देतात ना, त्यात साइट चालू होती. आज शेवटचा दिवस म्हणून बंद केली, पैसे भरायला शामपर्यंतच टाइम आहे."

"संपलं म्हणजे?" श्रीकृष्णरावांनी पाटावरून विचारलं.

"म्हणजे आजोबा, दुकानाचा पत्ताच गेला. इंटरनेटवरचा. आज रिन्यू नाही केला तर उद्या कोणीही घेऊ शकतं. मग आपल्या डब्यावरचा पत्ता टाकला की कोणा दुसऱ्याचं दुकान उघडेल. चपलांचं पण असू शकतं."

सगळ्यांच्या नजरा माजघराकडे गेल्या. डबे दोन हजार छापून आले होते आणि माजघरात छतापर्यंत रचले होते. प्रत्येकावर तो पत्ता होता. झाशीच्या दुकानात येऊन आलेपाक नेणारी गिऱ्हाइकं आता थोडी. खरं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेची मराठी माणसं. कधी काळी इथल्या वसाहतीत राहिलेली, मग बदली होऊन भुसावळ, इटारसी, नागपूरला गेलेली. थंडी पडली, घसा धरला की ती मोबाइलवर तो पत्ता उघडत. वर्षाची सगळी विक्री या तीन महिन्यांत तिथूनच व्हायची.

"आधी कळवत नाहीत का हे लोक?" सलीलची बायको स्वाती चिडून म्हणाली.

"कळवतात ना. दुकानाच्या मेलवर." आभानं बापाकडे पाहिलं. "पप्पा, मेल तुम्ही बघता."

सलीलनं पातेल्याचं झाकण पुन्हा नीट बसवलं. ते आधीच नीट बसलेलं होतं. "आलेले तसे काही मेल. 'तातडीने करा, नाहीतर बंद होईल' असे. मी काढून टाकले."

"किती?"

"अकरा."

"पप्पा!"

"तूच शिकवलंस ना! 'भीती दाखवणारा मेल आला की समजायचं फ्रॉड आहे, बटण दाबायचं नाही, डिलीट मारायचं.' मी इतकं मन लावून केलं!"

"मी बोलली होती की मेलमधलं बटण नाही दाबायचं. कंपनीची साइट स्वतःच्या हातानं उघडून खातं बघायचं. आधी बघायचं, मग डिलीट! आणि ते पण अकरा-अकरा बार!"

सुहासआत्याला हसू येत होतं, पण ते ओठांवर पोचलंच नाही, कारण पुढचा प्रश्न तिला आधीच दिसला होता. तो स्वातीनं विचारला.

"मग आता उघड ना खातं. भर पैसे."

"खातं काकांनी उघडलेलं आहे," आभा हळूच म्हणाली. "पासवर्ड काकांकडे. ओटीपी पण काकांच्या मोबाइलवर जातो."

कौशिक श्रीकृष्णरावांचा धाकटा मुलगा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं सुहासआत्यानं केलं, आणि वेणीफणीही केली असती, पण केसच उभे राहायचे. तिनं लग्न केलं नाही, शाळेत नोकरी केली आणि त्याला वाढवलं. तीन वर्षांपूर्वी कौशिकनं दुकानाची वेबसाइट बनवली आणि त्याच वेबसाइटपायी तो घर सोडून गेला. रागावून गेला तो थेट बरुआसागरला. बसनं पाऊण तास. पण पाऊण तासाच्या त्या वाटेवर तीन वर्षं कुणी पाऊल टाकलं नाही, निदान श्रीकृष्णरावांची तशी समजूत होती.

भांडण हत्तीवरून झालं होतं.

अनंतरावांच्याही आजोबांनी कुणा सरदाराच्या हत्तीची सर्दी आलेपाकानं बरी केली, ही घराण्याची मूळ कथा. हत्तीनं परातभर वड्या खाल्ल्या आणि असा शिंकला की बरुआसागरच्या तळ्यातले मासे काठावर येऊन पडले. श्रीकृष्णरावांना ही कथा वेबसाइटच्या पहिल्या पानावर हवी होती. संपूर्ण. वर त्यांचा पगडीतला फोटो, आणि साइट उघडताच शंख. कौशिकनं आधी तसंच करून दिलं. फोटो एवढा जड होता की तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा करून, पिऊन, कप विसळून यायचं. इटारसीकडच्या एका स्टेशनमास्तरांनी ड्युटीवर साइट उघडली, तर शंख वाजला आणि फलाटावरची माणसं चपला काढून हात जोडून उभी राहिली. दहा मिनिटं गाडीत कुणी चढेना. आणि एवढी कथा खाली ढकलत ढकलत शेवटी गिऱ्हाईक पोचलं, तर फोन नंबर हत्तीच्या पायाखाली.

कौशिकनं मग शंख काढला, फोटो हलका केला, पहिल्या पानावर डब्याचा फोटो, भाव आणि बोट ठेवताच लागणारा फोन नंबर ठेवला आणि हत्तीला नेऊन तिसऱ्या पानावर उभा केला. विक्री दुप्पट झाली. पण श्रीकृष्णरावांना दिसला तो फक्त घरातून बाहेर काढलेला हत्ती.

"घराण्याला तिसऱ्या पानावर ढकलणाऱ्यानं या घरात राहू नये," ते म्हणाले होते.

"बरं," कौशिक म्हणाला होता. त्याच एका शब्दावर तीन वर्षं गेली. त्याला फोन या घरातून लावायचा नाही, असा हुकूम सुटला आणि तो अजून मागे घेतलेला नव्हता.

"नवं नाव घ्या," श्रीकृष्णराव आता म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. माझ्या नावावर."

"होतं तसं," आभा म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे. पण डबे सगळे बेकार. आणि भुसावळच्या मावश्यांना नवा पत्ता कोण सांगणार? त्यांना तोच पाठ आहे."

"डब्यांवर कागद चिकटवू."

"दोन हजार कागद!" स्वाती म्हणाली. "आणि चिकटवणार कोण, हत्ती?"

सुहासआत्याला डब्यांची काळजी नव्हती. त्या साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, 'मांडणी: कौशिक'. रोज दुपारी चष्मा लावून ती तेवढी ओळ वाचायची. नवं नाव आलं की ती ओळ जाणार, आणि कौशिकला या घराशी बांधून ठेवणारा शेवटचा धागाही. मग त्याला परत यायला निमित्त तरी काय उरणार?

"आभा," ती म्हणाली, "पासवर्ड विसरला तर काही सोय असते ना गं? माझ्या पेन्शनच्या वेळी तू केली होतीस."

"असते आत्याआजी. एक प्रश्न विचारतात. बरोबर उत्तर दिलं की नवा पासवर्ड." आभानं लॅपटॉप आणून साखरेच्या डब्यावर ठेवला. ती शहरातल्या छोट्या दुकानदारांच्या वेबसाइटी करायची. सदर बाजारातल्या एका शिंप्याची चौदा पानांची साइट तिनं एका पानावर आणली होती, कारण चौदा पानांत कुठेच त्याचं दुकान किती वाजता उघडतं ते लिहिलेलं नव्हतं. कामाचं बोलताना तिच्या तोंडून पाठ म्हटल्यासारखं यायचं. "मी सगळ्यांना सांगते, डोमेन मालकाच्या नावावर पाहिजे. पोराच्या नाही, भतिज्याच्या नाही, साइट बनवणाऱ्याच्या तर बिलकुल नाही. फोन नंबर दोघांचे टाका. संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, जिथे दूधवाल्याचं लिहिता. आणि आपल्याच घरात…"

"घरात माणूस ठेवायलासुद्धा एवढे नियम नसतात," श्रीकृष्णराव पुटपुटले.

"असते तर माणूस राहिला असता," सुहासआत्या म्हणाली.

लॅपटॉपवर प्रश्न आला. आभानं वाचला आणि वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. "'पहिल्या घाण्याला माझ्या वाटणीचं उलथणं कोण फिरवतं?'"

म्हणजे हा प्रश्न त्यानं घर सोडल्यावर घातलेला होता. घरात असता तर त्याचा वेढा त्यानंच फिरवला असता.

सुहासआत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बरुआसागरात बसलेल्या त्या पोरानं कुलपाची किल्ली म्हणून तिचं नाव ठेवलं होतं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मान ताठ केली. "टाक," ती म्हणाली, "सुहासआत्या टाक."

आभानं टाकलं. लाल अक्षरं आली. चूक.

"नुसतं 'आत्या' बघ," सलील म्हणाला. "तो तुला नुसतं आत्याच म्हणायचा."

आभानं 'आत्या' टाकलं. चूक. "आता एकच चान्स आहे. मग खातं चोवीस तास लॉक. आणि आपल्याकडे चोवीस तास नाहीत."

सुहासआत्याला लॉकचं काही वाटलं नाही. तिला दुसरंच टोचलं. "मीच तर फिरवते," ती म्हणाली. "तीन वर्षं. सगळ्यांसमोर. मग तो आणखी कुणाचं नाव घालेल?"

सलील म्हणाला, "आईचं असेल."

"वहिनी कशी फिरवील रे? काही तरी बोलतोस."

पाटावर श्रीकृष्णराव बराच वेळ उलथण्याच्या दांड्याकडे बघत बसले होते. मग त्यांनी घसा साफ केला. या घशानं हत्तीला शिंकायला लावलं होतं, गार्डाचे दात पाडले होते, पण आता त्यातून आवाज निघाला तो अगदी साधा.

"माझं घाल."

"काय आजोबा?"

"माझं नाव घाल. अण्णा."

आत्याला एकदम तीन हिवाळ्यांतल्या तीन कढया दिसल्या. तीनही वेळा कढई उतरवताना दुसऱ्यांदा फिरलेलं उलथणं आणि "विसरलो". या माणसाला दीडशे वर्षांपूर्वीच्या हत्तीनं किती वड्या खाल्ल्या तो आकडा पाठ होता. तो काय वेढा विसरणार!

"तू फिरवतेस ते ठीक आहे," श्रीकृष्णराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "पण बापानं फिरवायला नको का?"

"मोठ्यानं म्हणायचं होतं मग!"

"मोठ्यानं म्हणायला हुकूम माझाच होता ना आडवा."

आभानं 'अण्णा' टाकलं. हिरवी खूण आली.

"पण त्याला कसं कळलं?" सुहासआत्या म्हणाली. "इथे शेजारी बसून मला कळलं नाही, आणि तिकडे त्याला…"

स्वातीनं हातातलं फडकं चार वेळा घडी केलं. "मी व्हिडिओ पाठवते," ती म्हणाली. "दर वर्षी. पहिल्या घाण्याचा. साइटवर टाकायला म्हणून काढते ना, तोच. पहिल्या वर्षी त्याचा मेसेज आला, वहिनी, शेवटी अण्णांचे ओठ हलतायत, आवाज वाढवून ऐका. मी ऐकलं. 'कौशिकचा' म्हणतात."

"म्हणजे तुला तीन वर्षं माहीत होतं?"

"अण्णांचं गुपित होतं आत्या. मी कसं सांगणार?"

"आणि त्याचा नंबर आहे तुझ्याकडे! हुकूम असताना!" श्रीकृष्णराव गरजले, पण त्या गरजण्यात फार दम नव्हता.

"माझ्याकडे पण आहे," आत्या म्हणाली. एवढी मोकळीक झालीच आहे तर आपलंही सांगून टाकावं, असं तिला वाटलं. "दर रविवारी देवळात जाते सांगून लक्ष्मी तालावर बसून बोलते त्याच्याशी. देवीला नमस्कार करते, खोटं नको."

आता सगळ्यांनी सलीलकडे पाहिलं. सलीलनं निमूट आपला मोबाइल पुढे केला. त्यात नाव होतं, 'आलेवाले, बरुआसागर'.

"हे आलं…" श्रीकृष्णरावांनी पातेल्याकडे बोट केलं.

"तोच निवडून पाठवतो. तीन वर्षं. शेतावर जाऊन."

श्रीकृष्णराव पातेल्याजवळ गेले. झाकण काढून त्यांनी वास घेतला. सकाळीच त्यांनी हे आलं हातात धरून म्हटलं होतं की असं आलं अनंतरावांच्या काळानंतर बघितलं नाही, ज्यानं निवडलंय त्याच्या आईबापांनी त्याला चांगलं वळण लावलंय. ते शब्द त्यांना आता आठवले असावेत, कारण कान लाल झाले.

"सगळं घर फितूर," ते म्हणाले. "एकटा मीच काय तो राहिलो."

"तुम्ही तर सगळ्यांत आधी फुटलात," आत्या म्हणाली.

इतक्यात आभा ओरडली, "अरे यार! नवा पासवर्ड घेतला, पण आता ओटीपी मागतोय. काकांच्या मोबाइलवर गेला असेल. दहा मिनिटं आहेत. कोणी लावा ना फोन!"

तीन हात तीन मोबाइलांकडे गेले. श्रीकृष्णरावांनी हात वर करून तिघांना थांबवलं. त्यांनी खिशातून आपला जुना, बटणांचा फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि दहा आकडे एकेक करून दाबले. नंबर त्यांनी कुणाला विचारला नाही. कुठे लिहिलेलाही नव्हता.

पलीकडून दुसऱ्या घंटेलाच आवाज आला. फोन जुना होता, तिकडचं बोलणं अंगणभर ऐकू यायचं.

"अण्णा?"

"मीच. कोड आला असेल तुला."

"आला. कुणी माझ्या खात्यात शिरलं म्हणून घाबरलोच मी."

"आम्हीच शिरलो. उत्तर बरोबर आलं."

तिकडे बसस्टँडावरच्या कंडक्टरची हाकाटी ऐकू आली. मग कौशिक म्हणाला, "अण्णा, महिनाभर मी घरी सांग म्हणतोय. दादाला तीन मेसेज केले, डोमेन संपतंय म्हणून. परस्पर पैसे भरले असते तर तुम्ही म्हणाला असता, घराण्याच्या पत्त्यात हात घातला."

सलील आकाशाकडे बघायला लागला. "मला वाटलं, त्याचाही मोबाइल हॅक झाला," तो पुटपुटला.

"म्हणून मग आज मीच निघालो होतो," कौशिक म्हणाला. "तुम्ही दारात उभं केलं नसतंत तर आभाला फाटकावर बोलावून कोड दिला असता."

श्रीकृष्णरावांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "कोड सांग. दहा मिनिटंच आहेत."

"सांगतो. आधी एक सांगा, पत्ता तुमच्या नावावर आला की पहिल्या पानावर काय येणार?"

आभानं डोळे मिटून घेतले. स्वातीनं फडकं घट्ट धरलं. सुहासआत्या भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. या तोंडानं आयुष्यात एकही गोष्ट लहान करून सांगितली नव्हती.

"भाव," श्रीकृष्णराव म्हणाले. "आणि फोन नंबर."

"आणि हत्ती?"

"हत्ती तिसऱ्या पानावर बरा आहे. पहिल्या पानावर त्याला उभं राहायला जागा कुठाय? शिंकला तर भाव उडून जायचे."

तिकडे कौशिक हसला. लहानपणी हसायचा तसा, आधी नाकातून आणि मग तोंडानं. हसता हसता त्यानं सहा आकडे सांगितले. श्रीकृष्णरावांनी ते एकेक करून मोठ्यानं म्हटले आणि आभानं टाकले. थोडं चक्र फिरलं. मग तिनं आपल्या मोबाइलवर पत्ता उघडून आत्याच्या हातात दिला. आत्यानं डबा, भाव, फोन, काही बघितलं नाही. सरळ तळाशी गेली. ओळ होती.

"आजोबा, मालक म्हणून तुमचं नाव टाकते," आभा म्हणाली. "आणि दुसरा फोन कोणाचा?"

"त्याचाच राहू दे," श्रीकृष्णराव म्हणाले. "मला काही झालं तर कुणी तरी हवं." आणि फोनमध्ये म्हणाले, "बस सुटली का रे?"

"सुटतेय."

"मग ये. घाणा चढवायचाय."

त्यांनी फोन खिशात ठेवला. सलील सवयीनं शेगडीकडे वळला, तर त्यांनी त्याला हटकलं. "आच लावू नको. पाऊण तास आहे."

"अण्णा, वाटलेलं आलं काळं पडेल," स्वाती म्हणाली.

"पडू दे. हत्तीनं काळ्याच वड्या खाल्ल्या होत्या."

ही माहिती घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच येत होती, पण आज कुणी हरकत घेतली नाही. सुहासआत्या उठली, उलथणं उचललं, पदरानं पुसलं आणि सवयीनं आपल्या पाटाशेजारी ठेवायला गेली. तिथून ती दर वर्षी दोन वेढे फिरवायची.

"इकडे दे," श्रीकृष्णराव म्हणाले. त्यांनी उलथणं घेतलं आणि तीन वर्षं रिकाम्या असलेल्या सहाव्या पाटासमोर नेऊन ठेवलं. दांडा दाराकडे करून, म्हणजे येणाऱ्याच्या हाताशी येईल असा.

"त्याचा तो फिरवील," ते म्हणाले, आणि फाटकाची कडी नीट लागते की नाही ते बघायला गेले. पाऊण तास तेच बघत होते.